उपेक्षित जगज्जेता : जेम्स ब्रॅडॉक

१३ जून १९३५ च्या रात्रीं न्यूयॉर्क शहरांतील लाँग आयलंड सिटी या भागांत, एका उघड्या प्रेक्षागारांत, मुष्टियुद्धाचा एक सामना झाला. एका बाजूस जगज्जेता मॅक्स बेअर होता. वयानें सव्वीस वर्षांचा, धिप्पाड, देखणा आणि उजव्या हाताच्या ठोशाबद्दल सर्वत्र दरारा असलेला असा हा योद्धा. दुसऱ्या बाजूस सहाच दिवसांपूर्वीं तिसावें वर्ष पुरें केलेला जेम्स ब्रॅडॉक होता. त्याच्या नांवावर वीसहून अधिक पराभव जमा होते. वर्षभरापूर्वीं तो मुष्टियोद्धा म्हणून कोणाच्या खिजगणतींतहि नव्हता. न्यू जर्सीच्या गोदींत तो ओझीं उचलीत होता, आणि तेंहि काम रोज मिळत नसल्यामुळें सरकारी मदतीच्या रकमेवर त्याचें कुटुंब दिवस कंठीत होतें. पैज लावणाऱ्यांनीं बेअरच्या बाजूनें दहास एक असा भाव काढला होता. पंधरा फेऱ्या संपल्या तेव्हां पंच आणि दोन परीक्षक या तिघांनींहि एकमतानें ब्रॅडॉकला विजयी ठरविलें.

श्रोतेहो, या घटनेस आतां नव्वद वर्षें होऊन गेलीं आहेत. जड वजनाच्या गटांतील जगज्जेत्यांची नामावळी सांगतांना लोक डेम्प्सी, टनी आणि जो लुई यांचीं नांवें भक्तिभावानें घेतात. ब्रॅडॉकचें नांव मात्र दोन मोठ्या डोंगरांमधल्या खिंडीप्रमाणें घाईघाईनें ओलांडलें जातें. दोन वर्षें जगज्जेता म्हणून मिरवला आणि पहिल्याच खऱ्या परीक्षेंत हरला, एवढाच त्याच्यावरील अभिप्राय असतो. हा अभिप्राय अगदींच खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु तो अपुरा आहे, आणि कां अपुरा आहे हें पाहण्यासाठीं त्याच्या आयुष्यांतील कांहीं वर्षें जरा जवळून पाहिलीं पाहिजेत.

ब्रॅडॉकचा जन्म ७ जून १९०५ रोजीं न्यूयॉर्कच्या 'हेल्स किचन' या गरीब कामकऱ्यांच्या वस्तींत झाला. आईबाप मूळचे आयरिश वंशाचे आणि इंग्लंडमधून अमेरिकेस आलेले होते. पुढें हें मोठें कुटुंब हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीमध्यें राहावयास गेलें. शाळेंत त्याचें मन कधींच रमलें नाहीं. त्याचें खरें नांव जेम्स वॉल्टर असें होतें. परंतु जेम्स जे. कॉर्बेट आणि जेम्स जे. जेफ्रीज या दोन जुन्या जगज्जेत्यांच्या नांवांत जो 'जे' होता तो आपल्याहि नांवांत असावा अशी हौस होऊन तो जेम्स जे. ब्रॅडॉक झाला. पोरवयांतील ही हौस एके दिवशीं खरी ठरेल असें त्या वेळीं कोणी म्हटलें असतें तर लोक हंसले असते.

हौशी खेळाडू म्हणून न्यू जर्सी संस्थानांत नांव मिळविल्यावर १९२६ सालीं तो धंदेवाईक मुष्टियोद्धा झाला. जो गूल्ड नांवाचा एक बुटका, बोलका आणि मोठा चतुर गृहस्थ त्याचा व्यवस्थापक होता. दोघांची जोडी विलक्षण होती. ब्रॅडॉक अबोल आणि गूल्ड अखंड बोलणारा. पहिलीं तीन वर्षें चांगलीं गेलीं. नोव्हेंबर १९२८ मध्यें टफी ग्रिफिथ्स या ओळीनें सामने जिंकीत आलेल्या योद्ध्याला त्यानें दुसऱ्याच फेरींत लोळविलें आणि पुढच्या वर्षीं जिमी स्लॅटरी या नामांकित खेळाडूवरहि मात केली. या साऱ्या विजयांचें भांडवल एकच होतें, तें म्हणजे त्याचा उजवा हात. त्या हातांत वज्राची शक्ति होती. डावा हात मात्र, आपल्याकडे म्हणतात त्याप्रमाणें, केवळ टाळी वाजविण्यापुरता होता.

येथें मुष्टियुद्धाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्याकडे कुस्तीचा निकाल एका क्षणांत लागतो. पाठ जमिनीला लागली कीं वाद संपला. मुष्टियुद्धांत तसें नसतें. तीन मिनिटांची एक फेरी, मध्यें एक मिनिटाची विश्रांति, अशा त्या काळीं जगज्जेतेपदासाठीं पंधरा फेऱ्या होत. कोणी खालीं पडून पंचानें दहा आंकडे मोजीपर्यंत उठला नाहीं तर सामना तेथेंच संपे. नाहीं तर फेऱ्यांच्या हिशोबानें निकाल लावीत. अशा लांबच्या सामन्यांत डावा हात हा कारकुनासारखा असतो. मोठेपणा उजव्याचा, परंतु रोजचें काम डाव्याचें. प्रतिस्पर्ध्यास अंतरावर ठेवणें, त्याचा तोल बिघडविणें, त्याच्या मनांत काय आहे याचा अंदाज घेणें, हीं सर्व कामें डाव्या हाताच्या सरळ, छोट्या ठोशांनीं होतात. ज्याला तो हात नाहीं त्याला एका भाग्यवान क्षणाची वाट पाहात राहावें लागतें.

ही उणीव १८ जुलै १९२९ रोजीं उघडी पडली. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्यें लाइट हेवीवेट गटाच्या जगज्जेतेपदासाठीं ब्रॅडॉकची गांठ टॉमी लॉफ्रन याच्याशीं पडली. लॉफ्रन हा फिलाडेल्फियाचा खेळाडू मुष्टियुद्धांतला खरा पंडित होता. त्याचे पाय नर्तकाचे आणि नजर सराफाची. पंधरा फेऱ्या ब्रॅडॉक आपल्या उजव्या ठोशासाठीं संधि शोधीत राहिला आणि पंधरा फेऱ्या लॉफ्रन ती नाकारीत राहिला. निकाल अर्थातच लॉफ्रनच्या बाजूनें लागला. कौशल्याचा आणि बळाचा वाद कोणास समजून घ्यावयाचा असेल तर त्यानें या सामन्याकडे पाहावें. त्या रात्रीं कौशल्य निर्विवाद श्रेष्ठ ठरलें.

त्यानंतर तीन महिन्यांनीं, ऑक्टोबर १९२९ मध्यें, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि ब्रॅडॉकची शिल्लक त्यांत बुडाली. जानेवारी १९३० मध्यें त्यानें मे फॉक्स हिच्याशीं विवाह केला; थोड्याच वर्षांत घरांत तीन मुलें झालीं. इकडे खेळांतील कमाई मात्र उतरत चालली होती. ज्या उजव्या हातावर सारी भिस्त होती त्याचीं हाडें पुन्हां पुन्हां मोडूं लागलीं. उपचाराला व विश्रांतीला पैसा नाहीं, म्हणून हात पुरता जुळण्यापूर्वींच सामना घ्यावयाचा, आणि सामन्यांत तो पुन्हां दुखवावयाचा, असें दुष्ट चक्र सुरू झालें. पुढील चार वर्षांत विजयांपेक्षां पराभव पुष्कळच अधिक झाले. वर्तमानपत्रांनीं त्याचें नांव घेणें सोडून दिलें. सप्टेंबर १९३३ मध्यें एब फेल्डमन याच्याशीं झालेल्या एका सुमार सामन्यांत हात पुन्हां मोडला, सहाव्या फेरींत तो सामना निकालावांचून बंद करण्यांत आला, आणि ब्रॅडॉकची कारकीर्द संपली असें सर्वांनीं गृहीत धरलें.

१९३३ हें वर्ष अमेरिकेच्या इतिहासांत फार वाईट म्हणून गणलें जातें. काम करूं शकणाऱ्या दर चार माणसांत जवळजवळ एक बेकार होता. गोदीवरील मजुरीची रीत अशी असे कीं सकाळीं सारे मजूर फाटकाशीं गोळा व्हावयाचे, मुकादमानें त्यांतून हवे तेवढे निवडावयाचे, आणि उरलेल्यांनीं घरीं परतावयाचें. या गर्दींत लॉफ्रनशीं जगज्जेतेपदासाठीं लढलेला माणूस उभा राहात असे. होबोकेन आणि वीहॉकन येथील धक्क्यांवर तो मिळेल तें काम करी. उजवा हात दुखावलेला, त्यामुळें आंकडा धरणें, ओंडके ओढणें, पोतीं हलविणें यांचा सारा भार डाव्या हातावर पडूं लागला. महिन्यामागून महिने हेंच चाललें. कोणत्याहि तालमींत कोणत्याहि उस्तादानें जो धडा त्याच्या डाव्या हाताकडून घोटवून घेतला नव्हता, तो दारिद्र्यानें घोटवून घेतला.

माझ्या मतें ब्रॅडॉकच्या चरित्रांतील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि केवळ इच्छाशक्तीचे पोवाडे गाणारे लोक नेमकी हीच विसरतात. मनाच्या बळानें माणूस उभा राहतो हें खरें. परंतु मनाच्या बळानें सरळ ठोसा मारतां येत नाहीं. ब्रॅडॉकची इच्छाशक्ति मला दिसते ती दुसऱ्या ठिकाणीं. ज्या धंद्यानें त्याला मोडून टाकलें होतें त्या धंद्यांत परत जाण्याचें कांहींएक कारण नसतांना त्यानें आशा सोडली नाहीं, ही ती जागा. आणि आणखी एक जागा आहे. घरखर्चाचीं देणीं थकलीं तेव्हां त्यानें सरकारी मदतीच्या यादींत आपलें नांव घातलें. स्वाभिमानी आयरिश घराण्यांत वाढलेल्या आणि वृत्तपत्रांत ज्याचीं चित्रें छापून आलीं होतीं अशा पुरुषाला त्या रांगेंत उभें राहणें किती जड गेलें असेल याची कल्पना आपण करूं शकतों. पुढें हातांत पैसा येतांच त्यानें घेतलेली सर्व रक्कम सरकारास परत केली. तशी कायद्याची मागणी नव्हती. लाखो लोकांनीं ती मदत घेतली होती, आणि घेण्यांत कांहीं गैर नव्हतें. तरीहि त्यानें ती फेडली, आणि ही बातमी पसरली तेव्हां सामना जिंकण्यापूर्वींच तो हजारों बेकार कुटुंबांचा आपला माणूस होऊन बसला.

संधि आली ती मात्र अगदीं योगायोगानें. १४ जून १९३४ रोजीं प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर यांचा जगज्जेतेपदाचा सामना ठरला होता. मुख्य सामन्यापूर्वीं जे किरकोळ सामने होतात त्यांपैकीं एकांत कॉर्न ग्रिफिन नांवाच्या उगवत्या तरुणासमोर उभा करावयास कोणी तरी हवा होता. जो गूल्डनें ब्रॅडॉकचें नांव पुढें केलें. तयारीला अवघे दोन दिवस होते. मेहनताना अडीचशें डॉलर. ब्रॅडॉक दुसऱ्या फेरींत खालीं पडला; उठला; आणि तिसऱ्या फेरींत ग्रिफिनचाच निकाल लागला. पाहणाऱ्यांना सर्वांत नवल वाटलें तें त्याच्या डाव्या हाताचें. तो हात आतां काम करीत होता. त्याच रात्रीं, त्याच रिंगणांत, बेअरनें कार्नेराला वारंवार लोळवून जगज्जेतेपद मिळविलें. एक वर्षानें हे दोघे समोरासमोर येणार आहेत हें त्या रात्रीं कोणाच्या स्वप्नांतहि नसेल.

नोव्हेंबर १९३४ मध्यें जॉन हेन्री लुइस याच्याशीं झुंज झाली. या कृष्णवर्णी खेळाडूनें दोन वर्षांपूर्वीं ब्रॅडॉकला हरविलें होतें, आणि पुढें १९३५ मध्यें तो स्वतः लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला, इतका तो कसलेला होता. ब्रॅडॉकनें या वेळीं दहा फेऱ्यांत त्याच्यावर विजय मिळविला. मार्च १९३५ मध्यें आर्ट लॅस्की हा वजनानें भारी योद्धा पंधरा फेऱ्यांत गुणांवर पराभूत झाला. या तीन विजयांनीं ब्रॅडॉकला बेअरसमोर आणून उभें केलें.

आतां बेअरविषयीं. २००५ सालीं रॉन हॉवर्ड यांनीं ब्रॅडॉकच्या चरित्रावर 'सिंड्रेला मॅन' हा चित्रपट काढला आणि त्यांत रसेल क्रो यांनीं ब्रॅडॉकची भूमिका केली. चित्रपट चांगला आहे. पण नायकाला उजळ करण्याच्या भरांत त्यानें बेअरला क्रूर, मृत्यूची थट्टा करणारा राक्षस बनविलें आहे. हें इतिहासास धरून नाहीं. १९३० सालीं बेअरशीं लढतांना फ्रँकी कॅम्पबेल हा योद्धा प्राणास मुकला, हें खरें. परंतु त्या मृत्यूचा सल बेअरच्या मनांत फार दिवस राहिला आणि त्यानें कॅम्पबेलच्या कुटुंबास पैशाची मदतहि केली. तो स्वभावानें हूड, विनोदी आणि खुशालचेंडू होता. १९३३ मध्यें जर्मनीच्या माक्स श्मेलिंगला हरवितांना त्यानें आपल्या विजारीवर यहुदी धर्माचें ताराचिन्ह लावलें होतें, हीहि गोष्ट त्याच्या बाजूनें नोंदविली पाहिजे. त्याचा दोष एकच, तो म्हणजे गाफीलपणा. ब्रॅडॉकला त्यानें कस्पटासमान लेखलें, तयारी आळसानें केली, आणि रिंगणांतहि प्रेक्षकांना हंसविण्यासाठीं माकडचेष्टा करण्यांत फेऱ्या घालविल्या.

ब्रॅडॉक हंसला नाहीं. तो डाव्या हातानें टोंचीत, बेअरच्या उजव्या हातापासून दूर सरकत, एकेक फेरी हिशोबांत जमा करीत राहिला. बेअरचे कांहीं ठोसे असे बसले कीं त्यांनीं पूर्वीं इतर योद्धे आडवे झाले होते. ब्रॅडॉक ते खाऊन उभा राहिला. शेवटच्या फेऱ्यांत आपण मागें पडलों हें बेअरच्या ध्यानांत आलें, पण तोंवर उशीर झाला होता. पाहणाऱ्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं सामना पाहण्यास फारसा सुंदर नव्हता. असेना कां! पोट भरण्यासाठीं केलेलें काम क्वचितच सुंदर दिसतें.

डेमन रनियन या प्रसिद्ध लेखकानें ब्रॅडॉकला 'सिंड्रेला मॅन' हें नांव दिलें. राखेंत बसणाऱ्या सावत्र मुलीला परी राजवाड्यांत नेते, ती ही परीकथा. नांव लोकप्रिय झालें, पण मला तें कधींच रुचलें नाहीं. सिंड्रेलाला परीनें भोपळ्याचा रथ करून दिला होता. ब्रॅडॉकच्या गोष्टींत परी कोठें आहे? मुकादम आहे, आंकडा आहे, आणि मोडून पुन्हां जुळलेलीं हाडें आहेत.

जगज्जेता झाल्यावर दोन वर्षें त्यानें पद पणाला लावलें नाहीं, आणि त्याच्या टीकाकारांचा रोख मुख्यतः यावरच असतो. जून १९३६ मध्यें श्मेलिंगनें जो लुईला हरवून ब्रॅडॉकशीं लढण्याचा न्याय्य हक्क मिळविला होता. करारहि झाला होता. परंतु गूल्डनें वाटाघाटी दुसरीकडे चालविल्या. श्मेलिंग जिंकला असता तर पद हिटलरच्या जर्मनींत गेलें असतें आणि तें परत कधीं आलें असतें हें सांगतां येत नाहीं. अमेरिकेंत त्या सामन्यावर बहिष्काराचीहि हांक उठली होती. आणि लुईशीं लढण्यांत पैसा कितीतरी अधिक होता. प्रकरण न्यायालयांत गेलें. ३ जून १९३७ रोजीं श्मेलिंग ठरल्याप्रमाणें वजन देण्यास एकटाच हजर झाला; प्रतिस्पर्धी आलाच नाहीं. श्मेलिंगवर अन्याय झाला, हें ब्रॅडॉकच्या चाहत्यानेंहि मान्य केलें पाहिजे. गूल्डनें मात्र असा करार करून घेतला कीं लुई जिंकल्यास त्याचे सामने भरविणाऱ्या माइक जेकब्ज याच्या नफ्यांतील दहावा हिस्सा ब्रॅडॉकच्या पक्षास दहा वर्षें मिळत राहावा. हरल्यावरहि पैसा देणारा असा पराभव मुष्टियुद्धाच्या इतिहासांत दुसरा क्वचितच सांपडेल.

या व्यवहाराची दुसरी बाजूहि पाहावी. १९१५ सालीं जॅक जॉन्सन पदच्युत झाल्यापासून बावीस वर्षें एकाहि कृष्णवर्णी योद्ध्यास या पदासाठीं लढण्याची संधि गोऱ्या जगज्जेत्यांनीं दिली नव्हती. ती भिंत ब्रॅडॉकच्या हातून पडली. हेतु पैशाचा असेल, पण भिंत पडली ती पडलीच.

२२ जून १९३७ रोजीं शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्यें बत्तीस वर्षांचा ब्रॅडॉक तेवीस वर्षांच्या लुईसमोर उभा राहिला. पहिल्याच फेरींत त्याच्या एका आंखूड उजव्या ठोशानें लुई खालीं बसला आणि सारें प्रेक्षागार उठून उभें राहिलें. लुई तत्काळ उठला. त्यानंतर जें झालें तें पाहणें कठीण होतें. लुईचा वेग आणि अचूकपणा यांस ब्रॅडॉकपाशीं उत्तर नव्हतें. चेहरा रक्तानें माखला; गूल्डनें सामना थांबविण्याचें मनांत आणलें, परंतु ब्रॅडॉकनें तें होऊं दिलें नाहीं. पद गमवावयाचें तर उभ्यानें, आपल्या जागेवरून न हटतां, असा त्याचा निश्चय होता. आठव्या फेरींत लुईच्या उजव्या ठोशानें तो कोसळला आणि पंचाचे दहा आंकडे संपले तरी हलला नाहीं. आपण ज्यांच्याशीं लढलों त्यांत ब्रॅडॉक हा सर्वांत धैर्यवान होता, असें लुईनें पुढें सांगितलें. लुईनें तें पद १९४९ पर्यंत राखलें आणि पंचवीस आव्हानें परतविलीं. तेव्हां त्याच्या साक्षीला वजन आहे.

येथेंच थांबला असता तरी चाललें असतें. पण ब्रॅडॉकला पाठीवर पडलेल्या अवस्थेंत रंगभूमीवरून जावयाचें नव्हतें. २१ जानेवारी १९३८ रोजीं तो टॉमी फार या वेल्सच्या योद्ध्याशीं लढला. हा फार पांच महिन्यांपूर्वीं लुईशीं पंधरा फेऱ्या टिकला होता. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील या दहा फेऱ्यांच्या सामन्यांत ब्रॅडॉक मागें पडला होता. शेवटच्या दोन फेऱ्यांत त्यानें सर्वस्व ओतलें आणि परीक्षकांच्या दुमतानें कां होईना, विजय मिळविला. मग त्यानें हातमोजे उतरविले.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, ब्रॅडॉक आणि गूल्ड दोघेहि सैन्यांत दाखल झाले. ब्रॅडॉक फर्स्ट लेफ्टनंट झाला आणि पॅसिफिक महासागरांतील सायपान बेटावर त्यानें सेवा केली. युद्धानंतर तो जहाजांच्या सामानाच्या आणि यंत्रांच्या धंद्यांत होता. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरील वेराझानो-नॅरोज पूल १९६४ मध्यें वाहतुकीस खुला झाला, तेव्हां तो जगांतील सर्वांत लांब झुलता पूल होता. त्याच्या बांधकामावर साठीकडे झुकलेला हा माजी जगज्जेता यंत्रें चालवीत असे. कोणी विचारल्याशिवाय तो आपल्या झुंजींविषयीं बोलत नसे, असें त्याला ओळखणारे सांगत.

२९ नोव्हेंबर १९७४ रोजीं न्यू जर्सीमधील नॉर्थ बर्गेन येथें त्याचें निधन झालें. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध-कीर्तिमंदिरांत त्याचें नांव २००१ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनीं, घेण्यांत आलें. नॉर्थ बर्गेनमधील एका मोठ्या सार्वजनिक उद्यानास मात्र त्याचें नांव आहे. ज्या धक्क्यांवर तो डाव्या हातांत आंकडा धरून ओंडके ओढीत असे, ते तेथून कांहीं मैलांवरच होते.